आजीची विहीर आणि नातवाचं झाड

“मॅडम, मुलाला बाहेर खेळायला सोडायची भीती वाटते आणि घरात ठेवला की हातातला मोबाइल सुटत नाही. त्यात शाळेतून रोज तक्रार. आमचं नक्की चुकतंय कुठे?”

असे मेसेज मला महिन्यातून चार-पाच तरी येतात. शब्द थोडे इकडचे तिकडे, प्रश्न तोच. हा जूनमध्ये, शाळा सुरू होऊन दहाएक दिवस झाले असतील तेव्हा आला होता. त्या आईला विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीला आई, आजी आणि सात वर्षांचा मुलगा असे तिघं आले. मुलगा दुसरीत. आल्या आल्या तो माझ्या सोफ्याच्या पाठीवर चढला, तिथून खिडकीच्या कट्ट्यावर गेला, परत आला. मागोमाग आईचा आवाज, “उतर खाली. हात नको लावूस. पडशील.” आजीचं नुसतंच “अरे, अरे, अरे.”

शाळेच्या डायरीत बाईंनी लिहिलं होतं: लक्ष नसतं, सारखा जागेवरून उठतो, एकदा तपासून घ्यावे. ‘तपासून घ्यावे’ या दोन शब्दांवर आईनं आठवडाभर रात्री जागून काढल्या होत्या. मोबाइलवर शोधून शोधून तिनं एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराची, सगळी लक्षणं पाठ केली होती आणि ती सगळी तिला मुलात दिसत होती. खरं सांगायचं तर ती यादी वाचल्यावर मला ती माझ्या नवऱ्यातही दिसतात.

मी आठवड्याचं वेळापत्रक विचारलं. सोमवार-बुधवार अबॅकस, मंगळवार-गुरुवार स्केटिंग, शनिवारी चित्रकला.

“म्हणजे खेळतो की तो,” आई म्हणाली.

“स्केटिंगच्या सरांनी काहीच सांगितलं नाही, तर तो तिथे काय करेल?”

“सर सांगतातच ना पण.”

झोपेचंही विचारलं. रात्री साडेअकरा, कधी बारा. सकाळी सव्वासहाला उठवायचं, सातला बस. या वयाच्या मुलाला रोज किमान नऊ तास झोप लागते. याला जेमतेम साडेसहा मिळत होती.

एडीएचडी आहे की नाही हे मी त्या दिवशी सांगितलं नाही, कारण तसं सांगता येत नाही. लक्षणं किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात आणि घर, शाळा अशी एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. ‘ब्लॉक्स घेऊन तासभर बसतो, मग कसला एडीएचडी?’ हा आजीचा युक्तिवादही पुरेसा नाही; आवडत्या गोष्टीत रमणं एडीएचडी असलेल्या मुलांनाही जमतं. दोन-तीन महिने झोप आणि खेळ एवढं बदलून पाहू, फरक पडला नाही तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे पाठवीन, असं ठरलं.

इथे चूक माझी झाली. मी कागदावर लिहून दिलं: ‘रोज एक तास मोकळ्या हवेत.’ आकडा काही मनाचा नव्हता. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दमछाक होईल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलेलं आहे. पण कागदावर लिहून दिलं की ते औषध होतं, आणि औषध म्हटलं की आई ते वेळेवर देते. तीन आठवड्यांनी ती एक सुंदर फाइल घेऊन आली. वाळवलेली पानं, खाली सुवाच्य अक्षरात नावं, शास्त्रीय नावांसकट. रोज संध्याकाळी सोसायटीच्या बागेत पाच पानं गोळा करायची आणि घरी येऊन चिकटवायची.

मुलाला विचारलं, “काय रे, झाडं आवडतात का?”

“नाही.” मान वर न करता.

आम्ही त्याला चौथा क्लास लावला होता.

मग मी सहसा करत नाही ते केलं. रविवारी सकाळी त्यांच्याबरोबर वेताळ टेकडीवर गेले. पावसाळी ढग, पायाखाली चिखल, गिरिपुष्पाची झाडं हिरवीगार. आईला एवढंच सांगितलं होतं की आज मी काही शिकवणार नाही आणि तुम्हीही नाही. छोटी वही काढली आणि ‘नको’, ‘हळू’, ‘सांभाळून’, ‘पडशील’, ‘घाण आहे ते’ असं जे ऐकू येईल त्याची एकेक रेघ मारत गेले. चाळीस मिनिटांत एकसष्ट रेघा झाल्या. वही तिच्यापुढे धरली. तिनं मोजल्या, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग बोलायचं तरी काय?”

फार मोलाचा प्रश्न. ‘सांभाळून’ या शब्दातून मुलाला कळतं फक्त आईला भीती वाटते आहे हे; कुठे बघायचं, काय धरायचं, हे कळतच नाही. त्याऐवजी ‘तो दगड हलतोय का, आधी पायानं दाबून बघ’, ‘आता खाली कसा येणार?’ असं काही तरी विचारावं. आणि बहुतेक वेळा काहीच बोलू नये, हे सगळ्यात अवघड. मी तिला एका खडकावर बसवलं. पुढचा अर्धा तास ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. मुलगा जागेवर बसत नाही म्हणून ही मंडळी माझ्याकडे आली होती, आणि बसण्याचा सराव आईला करावा लागत होता.

मुलगा आधी नुसताच उभा. “आता काय करायचं?” असं दोनदा विचारून गेला. “माहीत नाही बुवा,” मी म्हटलं. मग त्याला वाणी, म्हणजे तो खूप पायांचा लांबट किडा, दिसला. आम्ही लहानपणी त्याला पैसा म्हणायचो, कारण काडी लावली की तो नाण्यासारखा गोल होतो. एक गोल झाला, मग दुसरा शोधला, मग पाच. त्या नादात पावसाच्या पाण्याचा बारीकसा ओहोळ सापडला. तिथे एक अनोळखी मुलगा आधीच दगड लावत होता. दोघं न बोलता बांध घालायला लागले. बांध फुटला. पुन्हा घातला. मोठे दगड खाली, फटीत चिखल, वर गवत; कुणी सांगितलं नव्हतं. पाणी बाजूनं वाट काढतंय हे कळल्यावर बांध रुंद केला. मी घड्याळ पाहिलं: पन्नास मिनिटं. वर्गात दर पाच मिनिटांनी उठणारा मुलगा पन्नास मिनिटं उकिडवा बसून एकाच कामात होता.

यानं निदान बदलत नाही, हे मी आईला पुन्हा सांगितलं. पण बागेत वीस मिनिटं चालून आल्यावर एडीएचडी असलेल्या मुलांचं लक्ष, शहरी रस्त्यावर तेवढंच चालून आल्यापेक्षा, जास्त टिकलं असा अमेरिकेतला 2009चा एक अभ्यास आहे. मुलं होती सतराच, त्यामुळे त्याचा गाजावाजा करण्यात अर्थ नाही. मला व्यवहारातलं कारण पुरतं. स्केटिंगची फरशी सपाट असते, कालच्यासारखीच आज असते. टेकडीवर प्रत्येक पाऊल वेगळं, कुठे घसरडं, कुठे मुरूम, कुठे कुसळं. तोल, अंदाज, पायाची पकड यांचं गणित शरीर सतत करत असतं. इतकं काम झालेलं शरीर रात्री साडेनऊला आपोआप आडवं होतं.

पुढच्या भेटीला बाबाही आले. त्यांची शंका वेगळी होती: हे सगळं फॉरेनचं खूळ आहे. त्यांना मी कोसबाडच्या कुरणशाळेचं सांगितलं. तिथे गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. पानं, खडे, बिया हेच तिथलं साहित्य. मग त्यांचा खरा प्रश्न आला, “माती पोटात जाते, आजारी पडला तर?” मूल बाहेरून आलं की साबणानं हात, पायात बूट, डास असतील तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, जंताची गोळी वेळेवर. धनुर्वाताच्या लशीचा पाच-सहा वर्षांचा बूस्टर झाला आहे का, तेही तपासा. झालेला असला तर साधं खरचटणं घरीच धुऊन भागतं. खोल किंवा मातीनं भरलेली जखम मात्र डॉक्टरांना दाखवायची. बाकी मातीचं भय एवढं नको. फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून घातली, तेव्हा 28 दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढलेली आणि रक्तात प्रतिकारशक्तीचं नियमन सुधारल्याच्या खुणा दिसल्या होत्या.

बाबांना जाड चष्मा होता, म्हणून डोळ्यांचंही बोललो. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटं जादा बाहेर ठेवलं. तीन वर्षांत त्या शाळांतल्या 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) आली, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के. बाहेरचा प्रखर उजेड डोळ्याचा गोळा लांबट होऊ देत नाही, असं तज्ज्ञ मानतात. लागलेला नंबर यानं उतरत नाही. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि “रविवारी मी नेतो,” म्हणाले.

आजी मात्र गप्पच होत्या. शेवटी म्हणाल्या, “अहो बाई, तुम्हाला सांगायला काय जातंय?”

मग त्यांनी सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या असताना गावाकडे चुलतभाऊ विहिरीत पडून गेला. लपाछपी चालली होती. कठडा नव्हता, तोंडावर गवत वाढलेलं. राज्य आजींवर होतं. त्या त्याला शोधत होत्या.

आईनं हे पहिल्यांदाच ऐकलं. ज्या भीतीला आपण घरात ‘आजीची कटकट’ म्हणतो, तिच्या तळाशी अशी एखादी विहीर असू शकते. ‘काही होत नाही हो’ असं मी म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, कारण त्यांच्या बाबतीत झालं होतं.

मी म्हटलं, “आजी, तुमचं बरोबर आहे. विहीर ही मोठ्यांची जबाबदारी. झाड त्याची.”

फांदी किती उंच आहे ते मुलाला दिसतं. पाय थरथरतो, पोटात गोळा येतो, तो थांबतो किंवा एक फांदी वर जातो. ही जोखीम त्याला मोजता येते आणि ती मोजूनच तो शिकतो. उंची, वेग, दंगामस्ती, थोडंसं हरवून पाहणं या गोष्टींकडे मुलं मुद्दाम ओढली जातात, हे नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या खेळांचं निरीक्षण करून मांडलं आहे. सूरपारंब्या खेळलेल्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. गवताखालची विहीर, वाहता रस्ता, उघडी वायर, पाणी साठलेली खाण यांतला धोका मुलाला दिसत नाही. तो आपणच आधी पाहून ठेवायचा. आपण उलटं करतो. फांदीवर ओरडतो, आणि पाण्याजवळ फोनमध्ये बघत असतो.

पुढचं थोडक्यात. अबॅकस बंद झालं, चित्रकला त्याच्याच हट्टानं राहिली. आठवड्यातून तीन संध्याकाळी सोसायटीमागचा मोकळा प्लॉट, रविवारी टेकडी. प्लॉटवरच्या काचा आणि तारा बाबांनी आधी एक दिवस जाऊन उचलल्या. ऑगस्टमध्ये मुलगा घसरून पडला, कोपर चांगलंच सोललं. आईचा रात्री फोन आला, मला वाटलं सगळं बंद होणार. तिला फक्त विचारायचं होतं की जखम उघडी ठेवू का. ऑक्टोबरच्या पालकसभेत बाई म्हणाल्या, “उठतो अजून, पण परत येऊन बसतो.” अक्षर तसंच आहे. तज्ज्ञांकडे पाठवायचं का, हे दिवाळीनंतर पाहू असं ठरलं आहे. मोबाइलचे तंटे संपले नाहीत, पण साडेनऊनंतर होत नाहीत, कारण तो झोपलेला असतो.

मागच्या रविवारी आईनं एक फोटो पाठवला. टेकडीवर जुन्या दगडखाणीत पावसाचं पाणी साठतं. तिच्या अलीकडे वीसेक पावलांवर आजी फोल्डिंगची खुर्ची टाकून बसल्या आहेत. तोंड खाणीकडे, पाठ नातवाकडे. मागे झाडावर नातू. खाली आईनं लिहिलं होतं: “आई म्हणाल्या, पाण्याकडे मी बघते, तुम्ही तुमचं चालू द्या.”