सांगलीत पहिला फ्लॅट भाड्यानं देताना

भावा, विश्रामबागेत फ्लॅट घेतलास, चांगलं झालं. वालचंद, विलिंग्डन कॉलेजं जवळ, भाडेकरू मिळेल. पण कॉलेजच्या पोरांना दिलास तर परीक्षा संपली की खोली रिकामी होते, म्हणून हिशेब बारा महिन्यांचा नको, दहाचाच मांड.

सगळ्यात महत्त्वाचा करार. ‘ओळखीचा आहे, साध्या स्टॅम्पवर लिहू’ असं कुणीही म्हणू दे, ऐकू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणं करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याच्या कराराची, नोंदणी ऑनलाइन होते. मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर हाच कागद घेऊन सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशी प्रकरणं ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येतं.

चावी देताना मीटरचं रीडिंग, नळ, गिझर, बाथरूमच्या भिंतीची ओल, सगळ्याचे फोटो काढ आणि त्याच दिवशी भाडेकरूला पाठव. डिपॉझिटची भांडणं इथंच होतात. लाइट बिल तुझ्या नावावर असतं, तेव्हा भरल्याची पावती दर महिन्याला मागायचीच.

पुढं दुसरी जागा बघताना गावभाग, मारुती चौकाकडं कुणी कमी किंमत सांगितली तर लगेच विसार देऊ नकोस. २०१९ ला आणि २०२१ लाही कृष्णेचं पाणी त्या भागात शिरलं होतं. भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर होती ते शेजाऱ्यांना विचार, विकणाऱ्याला नको. तळमजल्याला नवा रंग दिसला तर आधी पाणी आलं होतं का ते विचार.