वाचकांचे प्रश्न : प्रवासात विसंबता येईल असा जीपीएस रिसिव्हर

प्रश्न : आम्ही उभयता निवृत्त असून येत्या उन्हाळ्यात स्वतःच्या मोटारीने स्पीतीला जाण्याचा विचार करत आहोत. मागील पावसाळ्यात माळशेज घाटात मोबाइलची रेंज गेली आणि नकाशाच्या जागी कोरा पडदा उरला. दुकानदार स्वतंत्र जीपीएस रिसिव्हर घेण्याचा आग्रह करत आहे. तो घ्यावा का, आणि घेताना काय पाहावे? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : माळशेजमध्ये बंद पडले ते इंटरनेट, जीपीएस बहुधा चालूच असावा. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ग्रहण करण्यासाठी मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नसते. चार उपग्रह नीट ऐकू आले की आपले स्थान निश्चित होते. त्या स्थानाखाली दाखवायचा नकाशा मात्र आपला फोन वाटेत उतरवून घेत होता. म्हणून दुकानात जाण्याआधी संपूर्ण मार्गाचा नकाशा फोनमध्ये साठवावा आणि घरापासून शहापूरपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवून एकदा जाऊन यावे. निम्मी शंका तिथेच फिटेल.

तरीही स्वतंत्र रिसिव्हरला माझा विरोध नाही. काचेवर लावलेला फोन उन्हात तापून आपोआप बंद होतो, आणि दोघांच्या प्रवासात संपर्काचे साधन व वाटाड्या एकच असणे मला धोक्याचे वाटते. मोटारसायकलवर तर पाऊस आणि हादरे यांमुळे स्वतंत्र उपकरणच घ्यावे, असे मी सांगेन. उपकरण घेताना ते दोन वारंवारितांवर चालते का, हे आधी विचारा. जुनी उपकरणे केवळ एल-१, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झवर चालतात. नवी उपकरणे त्याबरोबर एल-५, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झही ऐकतात. घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींवर किंवा घाटातल्या कड्यावर आपटून येणारा संदेश थेट संदेशापेक्षा किंचित उशिरा पोहोचतो आणि स्थान बाजूला सरकते. एल-५ चा संदेश अशा परावर्तनापासून अधिक स्वच्छपणे वेगळा करता येतो. ‘नाविक’ या भारताच्या स्वतःच्या स्थान दाखवणाऱ्या प्रणालीचे उपग्रहही याच वारंवारितेवर बोलतात, मात्र रिसिव्हरमधील चिप नाविक ओळखणारी हवी.

खरी परीक्षा रस्त्यावरच होते. शक्य असल्यास उपकरण परत करण्याच्या अटीवर घ्या आणि कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने खंडाळ्यापर्यंत जा. भाटणच्या बोगद्यात उपग्रह दिसणारच नाहीत. पाहायचे ते हे, की बाहेर पडल्यावर किती सेकंदांत स्थान पुन्हा जागेवर येते. मात्र उड्डाणपुलावर आहोत की त्याखालच्या रस्त्यावर, यात गोंधळ झाला म्हणून उपकरण नाकारू नका, कारण जीपीएसमध्ये उंचीची चूक आडव्या चुकीपेक्षा साधारणपणे मोठीच असते.

याशिवाय दोन गोष्टींकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. काही मोटारींच्या पुढच्या काचेत उष्णता रोखण्यासाठी धातूचा पातळ थर असतो आणि तो उपग्रहांचे संदेशही अडवतो. अशा मोटारीसाठी छतावर ठेवता येणारा बाहेरचा अँटेना जोडण्याची सोय पाहावी. दुसरे म्हणजे स्वस्त चार्जर व डॅशकॅम यांतून निघणारा विद्युत गोंगाट, जो रिसिव्हरला अक्षरशः बहिरा करतो. स्थान वारंवार हरवू लागले तर उपकरणाला दोष देण्याआधी या वस्तू काढून पाहाव्यात.

प्रश्न : अमेरिकेतील मेहुण्याने त्याचा बरीच वर्षे वापरात असलेला रिसिव्हर मला दिला. स्थान बरोबर येते, पण तारीख जवळपास वीस वर्षे मागची दाखवतो. पुढच्या खेपेस तो उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण आणू म्हणतो. (एक वाचक, वागळे इस्टेट)

उत्तर : जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडे मोजणारा आकडा १०२४ आठवड्यांनी, म्हणजे सुमारे साडेएकोणीस वर्षांनी, पुन्हा शून्यावर येतो आणि जुना रिसिव्हर तारीख तितकीच मागची समजतो. असे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि त्यानंतर एप्रिल २०१९ मध्ये घडले. उत्पादकाने सॉफ्टवेअरची सुधारणा दिली असेल तर ती करून घ्या. नसेल तर स्थानापुरता त्याचा वापर होईल, पण साठवलेल्या प्रवासनोंदींच्या तारखा चुकीच्या राहतील. संदेश पाठवणारे उपकरण मात्र मेहुण्यांनी मुळीच आणू नये. नुसते ऐकणारा रिसिव्हर आणि उपग्रहाकडे संदेश पाठवणारे यंत्र यांत कायदा फरक करतो. परवानगीशिवाय असे यंत्र जवळ बाळगल्यामुळे भारतात विमानतळांवर प्रवाशांवर कारवाई झालेली आहे.

प्रश्न : मित्राने एका गडाच्या पायथ्याचे अक्षांश-रेखांश पाठवले. रिसिव्हरमध्ये भरले तर तो भलत्याच गावी घेऊन गेला. उपकरण सदोष आहे का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : दोष लिहिण्याच्या पद्धतीत असण्याची शक्यता अधिक आहे. १९.३० अंश आणि १९ अंश ३० मिनिटे हे एकसारखे दिसतात, परंतु ३० मिनिटे म्हणजे अर्धा अंश, त्यामुळे दुसरा आकडा प्रत्यक्षात १९.५० अंश होतो. हा ०.२ अंशाचा फरक जमिनीवर उत्तर-दक्षिण सुमारे २२ किलोमीटर भरतो. मित्राला आकडे कोणत्या पद्धतीत आहेत ते विचारा, रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये तीच पद्धत निवडा, आणि निघण्यापूर्वी ते ठिकाण नकाशावर पाहून शेजारच्या गावाचे नाव जुळते का याची खात्री करून घ्या.