वाचक विचारतात: त्या तीन वेटोळ्यांचा अर्थ काय?

प्रश्न : दादा, मोबाईलवर आयर्लंडच्या एका दगडाचा फोटो आला, तीन वेटोळी एकात एक गुंतलेली, खाली लिहिलंय सेल्टिक लोकांचं गूढ चिन्ह. खरंय का हे? आमच्या मारुतीच्या पारापाशीबी एक कोरलेला दगड हाय, शेंदूर फासलेला, त्याचाबी अर्थ कुणी सांगंना.
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : फोटो न्यूग्रेंजचा, म्हणजे आयर्लंडातल्या एका जुन्या थडग्याचा दिसतोय, पण ते सेल्टिक नाहीच बगा! ते थडगं इसवी सनापूर्वी ३२०० च्या आसपासचं, म्हणजे सेल्टिक लोकांच्या, युरोपातल्या त्या जुन्या जमातींच्या, लई आधीचं. खरं सेल्टिक बघायचं तर आयर्लंडातल्याच गॉलवेचा टुरो दगड, ग्रॅनाइटचा, वरून गोल, वरच्या भागावर वेलीसारख्या वळणदार रेघा. अर्थ मात्र दोन्हींचा कुणालाच पक्का माहीत नाही. सेल्टिक लोकांचे पुजारी, ड्रुइड, तर धर्मज्ञान लिहून ठेवायचेच नाहीत, सगळं तोंडपाठ, असं रोमन सेनापती सीझरनं लिहून ठेवलंय. म्हणून जो तो आपापला अर्थ चिकटवतो.

तुमच्या दगडावरचा शेंदूर खरवडू नका, फक्त नीट बघा. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला नेतायत, वर पिंडीची पूजा आणि चंद्र-सूर्य असतील तर तो वीरगळ, गावासाठी नाहीतर गुरांसाठी लढताना मेलेल्याची आठवण.