डाउनलोडची दुसरी लिंक असूनही बिल्ड पडतं, त्याबद्दल

पहिली लिंक मेली की दुसरीकडून फाईल यावी म्हणून तुम्ही नियम लिहिलात, तरी फायलींचा गठ्ठा सोडवणारं टार ‘ही जीझिप (दाबून लहान केलेली) फाईल नाही’ म्हणून अडतं आणि बिल्डच्या पायऱ्या चालवणारं मेक पुन्हा डाउनलोडच करत नाही. हे वाचलं आणि माझे तसेच गेलेले तीन दिवस आठवले.

मेकफाईलची, म्हणजे मेकचे नियम लिहिलेल्या फाईलची, ओळख सोडून देतो. तुमच्या नियमात कर्ल, म्हणजे डाउनलोड करणारी कमांड, दोनदा आहे आणि मध्ये दोन उभ्या रेघा (||) आहेत, म्हणजे पहिलं फसलं तरच दुसरं. पण कर्लच्या लेखी ४०४ (पान सापडलं नाही) हे फसणं नव्हे. ते एररचं पान फाईलमध्ये उतरवतं आणि शून्य, म्हणजे ‘जमलं’, परत देतं. मायनस एफ (-f) दिलं की ४०० आणि वरच्या कोडला २२, म्हणजे ‘फसलं’, परत येतो.

मी तेवढ्यावरच थांबलो, आणि तीच चूक सगळ्यात महागात पडली. आम्ही ज्या संस्थेच्या मिररवर (फायलींची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर) विसंबून होतो, तिनं जुन्या फायली हलवल्या आणि त्या पत्त्यांवर ‘पान हलवले आहे’ असं एचटीएमएल ठेवलं, तेही २०० या ‘सगळं ठीक’ कोडसकट. मायनस एफला त्यात काहीच वावगं दिसेना. ते पान टारबॉलच्या (टारच्या गठ्ठ्याच्या) नावानं बसलं, आणि फाईल आहे म्हटल्यावर मेकनं डाउनलोडचा नियम परत चालवलाच नाही. मी मात्र डिस्कवर संशय घेत राहिलो. एकदा हेडनं (पहिल्या ओळी दाखवणाऱ्या कमांडनं) फाईल उघडून पाहिली असती तर मिनिटात कळलं असतं. संस्थेला दोनदा कळवलं. उत्तर तेच: ‘ब्राउझरमध्ये पान उघडतंय, अडचण नाही.’ अहो, पान उघडतंय हीच अडचण होती! याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं ठाम मत: पुढच्या लिंकवर जायचं की नाही, हे चेकसमनं (फाईलच्या मजकुरावरून काढलेल्या ओळख-आकड्यानं) ठरवावं, आणि ती तपासणी लिंका एकेक करून पाहणाऱ्या लूपच्या आत हवी. प्रत्येक लिंकवरून तात्पुरत्या नावानं उतरवा, शा-२५६ चेकसम जुळला तरच एमव्हीनं खरं नाव द्या आणि एक्झिट ० (यश). लूपनंतर एक्झिट १ (अपयश) हवाच. मेकफाईलमध्ये शेलच्या व्हेरिएबलला दोन डॉलर ($$) लागतात. मेकचं डिलीट-ऑन-एरर जरूर लावा, पण रेसिपी (नियमातल्या कमांड) फसली तरच ते फाईल उडवतं. माझी रेसिपी यशस्वीच ठरत होती. कर्लला कनेक्ट-टाइमआउटही (जोडणीसाठी थांबायची मर्यादा) द्या, नाहीतर उत्तरच न देणाऱ्या मिररवर कर्ल ३०० सेकंदांपर्यंत थांबू शकतं.

हे ग्नू मेक आणि लिनक्सपुरतं सांगतोय. बाकीकडे कमांड तपासून घ्या. आणि आधी ती पडलेली खोटी फाईल हातानं उडवा, नाहीतर नियम कितीही सुधारलात तरी मेक त्याच्याकडे वळणार नाही.