गोल्फ बॉलवर ‘प्रोटोटाइप’ छापलंय म्हणजे तो दुकानातल्यापेक्षा भारी असतो का?

तुम्ही विचारलंय की ओळखीतला एक जण सहा पांढरे गोल्फ बॉल विकतोय, त्यांवर कंपनीचं नाव नाही, नुसतं ‘प्रोटोटाइप’ आणि एक आकडा आहे, आणि दुकानातल्या त्याच जातीच्या बॉलच्या दुप्पट भाव सांगतोय. घ्यावेत का, आणि हे बॉल खरंच जास्त चांगले असतात का?

घेऊ नका. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबेल, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलोय.

मी गोल्फमधला दादा माणूस नाही. वाळूज एमआयडीसीत टूलरूममध्ये बावीस वर्षं साचे बनवतो, रबराचे आणि प्लास्टिकचे. आमच्या कंपनीत काही महिने एक कोरियन साहेब होते. रविवारी ते गंगापूर रोडला आमच्या शेतात यायचे आणि कापूस उपटून मोकळ्या झालेल्या रानात बॉल हाणायचे. मलाही नाद लावला. परत जाताना त्यांनी तीन बॉल हातात ठेवले. पांढरी खोकी, बॉलवर फक्त एक बाण आणि दोन अक्षरं. म्हणाले, हे बाजारात आलेले नाहीत. सहा-आठ महिन्यांनी तोच बॉल नावानिशी बाजारात आला, तेव्हा पुण्याहून डझनभर मागवला. कंपनीचं नाव सांगत नाही, तीनच बॉलांवरून कुणाची अब्रू काढण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदा वजन. आमच्या स्टोअरचा काटा एक ग्रॅमच्या खाली जात नाही, म्हणून गावातल्या सराफाकडे गेलो. त्याच्या काट्यावर दोन दशांशापर्यंत दिसतं. खिशातून पंधरा पांढरे गोळे काढले तर तो चष्म्याच्या वरून बघत म्हणाला, “मोती बरेच मोठे मिळाले तुम्हाला!” प्रोटोटाइप तिन्ही ४५.५ ते ४५.६ च्या दरम्यान. दुकानातले बारा ४५.३ ते ४५.७. नियम असा आहे की बॉल ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नको आणि व्यास ४२.६७ मिलीमीटरपेक्षा कमी नको. हे नियम आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्था मिळून ठरवतात. मायक्रोमीटरनं व्यास घेतला, सगळे नियमाच्या जरा वरच. म्हणजे वजनात आणि मापात काही गुपित नव्हतं.

मग उसळी. घरातल्या शहाबादी फरशीवर भिंतीला टेप चिकटवला, दोन मीटरवरून बॉल सोडला आणि मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये रेकॉर्ड केलं. सगळे दीड मीटरच्या आसपास उसळले. प्रोटोटाइप आणि दुकानातला यांच्यात जो दोन सेंटीमीटरचा फरक दिसला, तेवढाच फरक एकच बॉल पाच वेळा सोडला तरी दिसत होता. यात एक गोष्ट मी सुरुवातीला चुकलो, तुम्ही चुकू नका. प्रोटोटाइप कपाटात होते आणि नवे बॉल गाडीच्या डिकीत, तेही मे महिन्यात. डिकीतला बॉल हाताला चटका देत होता. गरम रबर जास्त उसळतं, त्यामुळे पहिल्या दिवशी दुकानातले बॉल भारी वाटले. दुसऱ्या दिवशी सगळे एकत्र रात्रभर घरात ठेवले आणि मग मोजले, तेव्हा ते भारीपण गेलं.

तिसरा प्रयोग तुम्हीही घरी करू शकता. लिटरभर पाण्यात पाव किलो मीठ विरघळवलं की गोल्फ बॉल तरंगतो, कारण तो पाण्यापेक्षा थोडासाच जड असतो. तरंगताना त्याची जड बाजू खाली जाते. वर आलेल्या ठिकाणी मार्करनं ठिपका द्यायचा, बॉल फिरवून सोडायचा. ठिपका दर वेळी चटकन वर आला तर बॉलचा मध्य सरकलेला आहे. ब्रायसन डीशांबो हा अमेरिकन खेळाडू असंच एप्सम सॉल्टच्या पाण्यात बॉल तपासतो म्हणून गाजला होता. बादलीभर पाण्यात तीन किलो मीठ ओतताना बघून बायकोनं विचारलं, लोणचं कशाचं घालताय? माझे दोन प्रोटोटाइप कसेही फिरले तरी तिथंच थांबत होते. तिसरा मात्र ठिपका वर घेऊन यायचा. दुकानातल्या बारांपैकी चारांचं तसंच.

इथं मला टायटलिस्ट या बॉल कंपनीच्या जन्माची गोष्ट आठवते. फिल यंग नावाचा रबर कारखानदार आपल्या मित्रासोबत खेळत होता. भोकाकडे सरळ घरंगळत मारलेला फटका (पट) चुकला, आणि आपल्या हातावर शंका घेण्याऐवजी गड्यानं बॉलवर घेतली. मित्राच्या हॉस्पिटलमध्ये बॉलचा एक्स-रे काढला, तर आतला गाभा मध्यावर नव्हताच. त्यातून १९३५ मध्ये टायटलिस्ट बॉल बाजारात आला. रबराचं काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट अजिबात नवलाची वाटत नाही. गाभा मध्यावर ठेवणं हीच सगळी मारामारी आहे.

ते कसं, हे सांगतो. आजच्या चांगल्या बॉलचा गाभा पॉलीब्युटाडीन रबराचा असतो, त्यात झिंक डायअॅक्रिलेट आणि पेरॉक्साइड घालून तो गरम प्रेसमध्ये पिकवतात. आमचे बुश (मशीनमधले रबरी तुकडे) जसे पिकतात तसाच. वर एक किंवा जास्त थर, आणि शेवटी यूरेथेनचं कव्हर, अर्धा-पाऊण मिलीमीटरचं. आंब्याच्या सालीएवढं म्हणा. हे साल चहूबाजूंनी सारख्या जाडीचं पडायला गाभा साच्यात बरोबर मधे टांगलेला पाहिजे. केसभर सरकला तर एका बाजूला साल जाड, दुसऱ्या बाजूला पातळ.

म्हणून मी एक प्रोटोटाइप कापला. (हो, कापला. साहेबांना कळवलेलं नाही.) एका रविवारी टूलरूम रिकामी होती, व्हाइसमध्ये लाकडी ठोकळ्यांत बॉल धरला आणि हॅकसॉनं दोन भाग केले. दुकानातला एकही कापला. मग बारीक पॉलिश पेपरवर पाणी टाकून कापलेली बाजू घासली आणि प्रोफाइल प्रोजेक्टरवर लावली. उदगीरचा आमचा हेल्पर मागं येऊन उभा राहिला, “सर, सुट्टीच्या दिवशी काय करायलाव?” पडद्यावर कव्हरची कड वीस पट मोठी दिसत होती. फिरवत फिरवत आठ ठिकाणी माप घेतलं. प्रोटोटाइपचं कव्हर ०.६२ ते ०.७० मिलीमीटर. दुकानातल्याचं ०.५५ ते ०.८०. गाभ्याचा रंग वेगळा होता, पण रंग ओळखीसाठी घालतात, त्यावरून काही ठरत नाही. मधला थर दोघांत जवळपास सारखा.

आता तुम्ही म्हणाल, झालं की, प्रोटोटाइप चांगला निघाला! इथंच थांबा.

आमच्याकडे काय होतं बघा. गिऱ्हाइकाला मंजुरीसाठी नमुने द्यायचे असतात तेव्हा ट्रायल मोल्ड दोन किंवा चार कॅव्हिटीचा, म्हणजे एका वेळी तेवढेच तुकडे काढणारा असतो. मशीनवर सगळ्यात हुशार ऑपरेटर, शेजारी इंजिनिअर उभा, कच्चा माल एकाच बॅचचा. पन्नास तुकडे काढायचे, त्यातले सगळ्यात देखणे दहा निवडून डब्यात घालायचे. मंजुरी येते. मग बत्तीस कॅव्हिटीचा मोल्ड चढतो, तीन शिफ्ट चालतात, रात्री तीनला ऑपरेटरला डुलकी येते, नऊ नंबरची कॅव्हिटी इतरांपेक्षा चार डिग्री गरम राहते. एकदा एका बुशचे नमुने आम्ही असे झकास दिले की गिऱ्हाइकानं टाळ्या वाजवल्या, आणि पहिल्याच लॉटला साडेतीन हजार तुकडे परत आले. साचा तोच, रबर तेच, ड्रॉइंग तेच. फरक एवढाच की नमुन्यात आम्ही फक्त चांगलेच पाठवले होते.

गोल्फ बॉलचंही वेगळं काही असेल असं मला वाटत नाही. दुकानातल्या बारा बॉलांत चार मिठाच्या पाण्यात फिरणारे निघाले, त्याच बारांत आठ प्रोटोटाइपच्या तोडीचे निघालेच की. आणि माझ्याकडच्या तीन प्रोटोटाइपांतही एक फिरणारा होता. म्हणजे एका प्रकारातल्या बॉला-बॉलातला फरक हा दोन प्रकारांतल्या फरकापेक्षा मोठा आहे. एकेक बॉल कापून मी फार काही सिद्ध केलं नाही, हे मलाही कळतं. फक्त एक महाग बॉल कापला.

दुसरी बाब ‘प्रोटोटाइप’ या शब्दाची. त्याखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात. एक म्हणजे कंपनीनं आतल्या आत करून पाहिलेले पाच-दहा प्रकार, त्यातला एकच पुढे जातो. तुमच्या हातात येतोय तो जिंकलेला की हरलेला, हे कोण सांगणार? दुसरी वस्तू म्हणजे तयार झालेला बॉल, फक्त दुकानात यायचाय, तोवर व्यावसायिक खेळाडूंकडे दिलेला. टायटलिस्टचा प्रो व्ही वन याचं नामी उदाहरण. ऑक्टोबर २००० मध्ये लास वेगासच्या स्पर्धेत तो पहिल्यांदा आला आणि त्याच आठवड्यात ४७ खेळाडूंनी आपला जुना बॉल सोडून तो घेतला. जिंकला तो बिली अँड्रेडही त्यानंच खेळत होता. डिसेंबरात तो दुकानात आला. गंमत म्हणजे ‘प्रो व्ही वन’ हे विक्रीसाठी शोधलेलं नावच नव्हतं. प्रो म्हणजे प्रोफेशनल, व्ही म्हणजे व्हिनिअर (पातळ साल), वन म्हणजे पहिला. बॉलवर काहीतरी छापायला हवं म्हणून छापलेलं कामचलाऊ नाव, तेच चिकटलं. याच कंपनीचा ‘लेफ्ट डॅश’ आधी मोजक्या खेळाडूंसाठीच बनायचा, मागणी वाढल्यावर सगळ्यांना विकायला काढला. अशा वेळी प्रोटोटाइप आणि दुकानातला बॉल यांत शिक्क्याशिवाय काही शोधूनही सापडू नये.

उलटंही झालंय. टायगर वूड्सनं २००० मध्ये नायकीचा बॉल घेतला, पेबल बीचला यूएस ओपन १५ फटक्यांनी जिंकली, आणि मग बोभाटा झाला की तो खेळतो तो बॉल आणि त्याच नावानं दुकानात मिळतो तो बॉल तंतोतंत एक नाहीत. पण त्याचा बॉल आपल्याला मिळाला असता तरी काय झालं असतं? त्याच्या वेगाच्या हाताला जमणारा तो बॉल, आपल्या हाताला जमेलच असं नाही.

तुमच्या बॉलचा प्रकार ओळखायचा एक सरळ मार्ग आहे. बॉलवर दोन शिक्के असतात, एक वर, दुसरा बाजूला, जिथं साच्याच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा येतो तिथं. आर अँड ए आणि यूएसजीए नियमात बसणाऱ्या बॉलांची यादी दर महिन्याला नेटवर फुकट टाकतात, त्यात प्रत्येक बॉलचे हे दोन्ही शिक्के, रंग आणि थरांची माहिती असते. ही यादी लागू असलेल्या व्यावसायिक स्पर्धेत यादीबाहेरचा बॉल चालत नाही, म्हणून खरोखर स्पर्धेत उतरलेला प्रोटोटाइप तिथं कधी ना कधी नोंदलेला असतो. बाजूचा बाण, ठिपका, रेघ अगदी जशीच्या तशी जुळवून बघा. नाहीच सापडला तर तो स्पर्धेपर्यंत पोचलाच नसेल, किंवा जुना होऊन यादीतून गळला असेल.

तिसरी शक्यता जास्त घाण आहे. तळ्यातून काढलेले बॉल सोलून, पुन्हा रंगवून विकायचा धंदा जगभर चालतो, आणि ‘प्रोटोटाइप’ हा शब्द छापायला पॅड प्रिंटिंगचं मशीन पुरतं. बॉल उजेडाकडे तिरपा धरा. कंपनीचा शिक्का सहसा पारदर्शक लेपाखाली असतो, नख फिरवलं तर काही लागत नाही. नखाला छपाई जाणवली किंवा बॉलवरच्या छोट्या खळ्यांच्या तळाशी रंग साचून त्यांच्या कडा बोथट झालेल्या दिसल्या तर पैसे खिशातच ठेवा. खळ्यांचा रंगाशी संबंध असा की बॉलचं उडणं बरंचसं त्यांच्या खोलीवर आणि कडेवर ठरतं. जाड रंग चढवला की बॉल आतून कितीही चांगला असो, वाटेत दम सोडतो. खळ्या मोजल्या तरी बरंच कळतं. मूळच्या प्रो व्ही वनला ३९२ होत्या, २०२१ पासून ३८८ आहेत. माझे बॉल पुतण्यानं मोजले, प्रत्येक खळीत पेनानं टिंब देत, एका बॉलला दहा रुपये मजुरी घेऊन. प्रोटोटाइप आणि दुकानातला, दोन्हींचा आकडा सारखाच आला.

राहिलं मारून बघणं. मी रानात सेव्हन आयर्न या काठीनं आळीपाळीनं तीस-तीस फटके मारले. एकाच बॉलचे माझे फटके वीस मीटर मागंपुढं पडत होते, त्यात बॉलचा फरक कुठून दिसणार? कंपन्या आणि नियमवाले याच कारणासाठी यंत्र वापरतात. यूएसजीएच्या जुन्या यंत्राचं नावच आयर्न बायरन होतं, बायरन नेल्सन या खेळाडूच्या स्विंगवर बेतलेलं. तुमच्याकडे यंत्र नसेल तर निदान चिपवर, म्हणजे हलक्या छोट्या फटक्यावर तुलना करा, तीस पावलांवर गोधडी अंथरून. तिथं कव्हरचा मऊपणा थोडाफार कळतो. मला प्रोटोटाइप किंचित लवकर थांबतोय असं वाटलं. मग पुतण्याला शिक्का न दाखवता बॉल ठेवायला सांगितलं, आणि ते वाटणं बंद झालं.

संग्रहासाठी घ्यायचे असतील तर गोष्ट वेगळी, हौसेला मोल नसतं, पण मग त्यांना मारू नका. माझ्याकडे आता एकच अख्खा प्रोटोटाइप उरलाय, तो टीव्हीजवळ आहे. दुसरा, तोच ठिपकावाला, शेजाऱ्यांच्या तुरीत गेला. तुमच्या बॉलच्या बाजूला नेमकं काय छापलंय ते इथं लिहा, यादीत शोधून सांगतो.