मुष्टियोद्धा नेमका कुणाचा?

प्रश्न : मुष्टियुद्धात संघ नसतो, दोघेच लढतात आणि व्यावसायिक खेळाडू तर स्वतःच्या मानधनासाठी लढतो. मग प्रेक्षक देशाचे झेंडे का फडकावतात? आणि परक्या देशाच्या मुष्टियोद्ध्याला पाठिंबा देणाऱ्याला ‘तुझे देशप्रेम कमी पडते’ असे ऐकवणे योग्य आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हौशी मुष्टियुद्धात हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तेथे खेळाडूची निवड राष्ट्रीय महासंघ करतो आणि तो देशाच्या नावानेच रिंगमध्ये उतरतो. २००८ मध्ये बीजिंगला विजेंदर सिंगने मिळवलेले ऑलिंपिक कांस्यपदक भारताचे होते, याबद्दल कुणाला शंका नव्हती. व्यावसायिक लढतीत मात्र कोणताही देश खेळाडूला निवडून पाठवत नाही. तेथील जागतिक विजेतेपदे स्वतंत्र संघटनांची असतात आणि झेंड्यामुळे तिकिटे खपतात, हे आयोजकांना पक्के ठाऊक असते. तरीही या पाठिंब्याला निव्वळ व्यापार म्हणून निकालात काढणे मला मान्य नाही, आणि त्याचे कारण बॅरी मॅक्गिगन हा आयरिश मुष्टियोद्धा आहे.

मॅक्गिगन आयर्लंड प्रजासत्ताकातला, पण उत्तर आयर्लंडच्या सीमेलगतच्या क्लोन्स या गावचा, कॅथलिक कुटुंबातला. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग; तेथील बहुतेक कॅथलिकांना आयर्लंडशी एकीकरण हवे होते, बहुतेक प्रोटेस्टंटांना ब्रिटनसोबत राहायचे होते, आणि त्यावरून रक्तपात चालू होता. १९७८ च्या एडमंटन राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने उत्तर आयर्लंडसाठी सुवर्णपदक जिंकले आणि दोनच वर्षांनी मॉस्को ऑलिंपिकमध्ये तो आयर्लंडकडून लढला, कारण त्या बेटावर हौशी मुष्टियुद्धाची संघटना सीमेच्या दोन्ही बाजूंसाठी एकच होती. १९८१ मध्ये तो व्यावसायिक झाला. त्याच वर्षी उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात उपोषणाला बसलेले दहा प्रजासत्ताकवादी, म्हणजे आयर्लंडच्या एकीकरणासाठी लढणारे, कैदी मरण पावले, आणि कोणता झेंडा हाती घ्यायचा, हा तेथे जिवावर बेतणारा प्रश्न होऊन बसला होता. अशा काळात त्याने प्रोटेस्टंट मुलीशी संसार थाटला आणि ब्रिटिश विजेतेपदासाठी लढता यावे म्हणून ब्रिटिश नागरिकत्व घेतले. १९८३ मध्ये बेलफास्टला ते विजेतेपद त्याने जिंकलेही. कट्टर प्रजासत्ताकवाद्यांचा रोष त्याला सोसावा लागला.

रिंगमध्ये येताना मात्र त्याने आयर्लंडचाही झेंडा घेतला नाही आणि ब्रिटनचाही नाही. शांततेचे कबुतर हे चिन्ह त्याने पत्करले. राष्ट्रगीताच्या जागी त्याचे वडील पॅट ‘डॅनी बॉय’ गात. पॅट हे १९६८ च्या युरोव्हिजन या गायन स्पर्धेत आयर्लंडकडून गायलेले गायक होते, आणि या गीताची चाल दोन्ही समाजांना आपली वाटते. राष्ट्रकुल स्पर्धांमध्ये उत्तर आयर्लंडच्या विजेत्यांसाठीही तीच वाजवली जाते. ८ जून १९८५ रोजी लंडनच्या लॉफ्टस रोड फुटबॉल मैदानावर त्याची गाठ पनामाच्या युसेबियो पेड्रोझाशी पडली, ज्याने फेदरवेट गटाचे जागतिक विजेतेपद सात वर्षे राखले होते. सातव्या फेरीत मॅक्गिगनने त्याला खाली पाडले आणि पंधरा फेऱ्यांअखेर गुणांवर हरवले. समुद्र ओलांडून आलेले हजारो कॅथलिक आणि प्रोटेस्टंट प्रेक्षक त्या रात्री शेजारी शेजारी उभे राहून तेच गीत म्हणत होते, आणि पुढे त्याच्या स्वागतासाठी बेलफास्ट व डब्लिन या दोन्ही शहरांचे रस्ते माणसांनी भरून गेले. यामुळे तेथील रक्तपात थांबला नाही. शांतता करार व्हायला आणखी तेरा वर्षे जावी लागली. पण एकाही झेंड्यावर ज्यांचे एकमत होत नव्हते, त्यांचे एका मुष्टियोद्ध्यावर झाले, आणि हे काही कुठल्या आयोजकाने विकत आणलेले नव्हते.

बेलफास्टच्या शँकिल या प्रोटेस्टंट वस्तीतला मुष्टियोद्धा वेन मॅक्कलॉ १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या उद्घाटनाला आयर्लंडचा झेंडा घेऊन चालला आणि १९९२ मध्ये बार्सिलोनाला त्याने आयर्लंडसाठी रौप्यपदक मिळवले. त्याच्या वस्तीत तो झेंडा किती जणांना खुपत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तरुणाचे धैर्य कळते.

निष्ठेची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. डिसेंबर २००७ मध्ये ब्रिटनच्या रिकी हॅटनची अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरशी लढत होती, तेव्हा हजारो ब्रिटिश चाहते लास वेगासला गेले होते. दहाव्या फेरीत हॅटन हरला, तरी त्यांनी त्याच्या नावाचे गाणे थांबवले नाही, आणि याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. परंतु लढतीपूर्वी अमेरिकेचे राष्ट्रगीत चालू असताना त्यांनी जी हुर्यो उडवली ती निंद्यच होती. आपल्या खेळाडूवर प्रेम करण्यासाठी दुसऱ्याच्या देशाचा अपमान करण्याची गरज नसते.

म्हणून आपल्याला ज्याचे कौशल्य आणि जिद्द भावते, त्या मुष्टियोद्ध्याला, तो कोणत्याही देशाचा असो, निःसंकोच पाठिंबा द्यावा. व्यावसायिक रिंगमध्ये प्रेक्षकावर देशाचे कोणतेही बंधन नाही. आपल्याला देशप्रेमाचा जाब विचारणाऱ्यांना एवढेच विचारावे की, निखत झरीनने २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये नवी दिल्लीत भारतासाठी जागतिक विजेतेपद जिंकले, त्यांपैकी कोणती लढत त्यांनी पाहिली होती.