विहिरीचं पाणी, खाणीचा भराव आणि पाच वर्षांची मुदत

ऐरोलीच्या एका वाचकांनी वणी तालुक्यातल्या आपल्या वडिलोपार्जित शेताविषयी विचारलं आहे. बांधालगत खुली कोळसा खाण आहे. २०१४ मध्ये त्यांची विहीर आटली. २०१९ मध्ये खाणीचा तेवढा भाग ओबी (कोळशावरून काढलेली दगडमाती) टाकून भरला गेला आणि पंप बंद झाले. पुढे विहिरीला पाणी आलं, पण ते कडवट आणि इतकं जड की डाळ शिजत नाही. नुकसानभरपाईचा दावा ठाण्याच्या कोर्टात लावता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे. कळव्यापासून घणसोलीपर्यंत विदर्भातली कितीतरी कुटुंबं राहतात आणि गावच्या विहिरीबद्दल असे प्रश्न त्यांच्याकडून नेहमी येतात. बहुतेक वेळा ते उशिराच येतात.

ठाण्याचं कोर्ट विसरा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायदा, २०१० च्या कलम २९ नुसार अशा भरपाईचा दावा दिवाणी न्यायालयाला ऐकताच येत नाही. अर्ज या न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय पीठाकडे करायचा असतो. तो ऑनलाइन दाखल होतो. शुल्क मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का, किमान १,००० रुपये.

तुमचं प्रकरण टिकेल की पडेल हे कलम १५(३) वर ठरणार आहे. भरपाईचं कारण प्रथम घडलं त्या दिवसापासून पाच वर्षांत अर्ज यायला हवा. पुरेसं कारण दाखवलंत तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. त्यापुढचा उशीर माफ करण्याचा अधिकार या कलमात नाही. आता तुम्ही पाठवलेल्या मसुद्याचं पहिलंच वाक्य पाहा : ‘२०१४ पासून खाणीमुळे आमची विहीर खराब झाली आहे.’ हे वाक्य तसंच दाखल केलंत, तर समोरच्या वकिलाला दुसरा मुद्दा मांडायची गरजच पडणार नाही. २०१४ पासूनची पाच वर्षं २०१९ मध्येच संपली.

हे वाक्य वस्तुस्थितीलाही धरून नाही. खुली खाण खोल जाते तेव्हा पाणी सतत उपसावं लागतं आणि आसपासची भूजल पातळी खाणीच्या दिशेने खाली ओढली जाते. तुमची विहीर आटली ती त्या काळात. भराव झाल्यावर उपसा थांबतो आणि पाणी पुन्हा वर चढू लागतं, पण आता ते फोडलेल्या, सैल दगडमातीतून चढतं. जमिनीखाली हवा न लागलेले खडक फुटून उघडे पडलेले असतात, त्यांतल्या पायराइटला (लोह आणि गंधकाच्या खनिजाला) हवा-पाणी लागलं की सल्फेट तयार होतं, लोह आणि मँगनीज सुटतं. आपल्याकडच्या कोळशात गंधक कमी असल्याने पाणी दर वेळी आम्लधर्मी होतं असं नाही, पण सल्फेट, कठीणपणा आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) वाढू शकतात. म्हणजे पाणी जाणं ही एक हानी आणि खराब पाणी येणं ही दुसरी. दुसरीचं कारण भराव आहे आणि ती पहिलीनंतर कित्येक वर्षांनी घडली. अर्जात दोन्हींची सरमिसळ करू नका. मागणी फक्त दुसऱ्या हानीची करा.

तरीही दुसरी हानी नेमकी कधी घडली, हा प्रश्न राहतोच, आणि तुमच्या निष्काळजीपणाने तो अवघड करून ठेवला आहे. तुम्ही जून २०२१ च्या प्रयोगशाळा अहवालापासून मुदत मोजता. पण ‘पाणी आलं, तोंडात घेववत नाही’ हा चुलतभावाचा मेसेज फेब्रुवारी २०२१ चा आहे. आणि पाणी २०२० च्या पावसाळ्यानंतरच परतलं असेल, तर आज, नोव्हेंबर २०२५ मध्ये, तुमची पाच वर्षं कदाचित उलटलीही असतील आणि वरचे ६० दिवस चालू असतील. हानी समजली तेव्हापासून मुदत धरा, असा युक्तिवाद करता येईल. तो मान्य होईल याची हमी मी देणार नाही. म्हणून फेब्रुवारीची वाट न पाहता अर्ज याच महिन्यात दाखल करा, सोबत विलंब माफीचा अर्जही जोडा. साडेचार वर्षं तो अहवाल कपाटात का पडून होता, याचं खरं उत्तर त्यात लिहावं लागेल. पर्यावरणविषयक वादांसाठीच्या कलम १४ ची सहा महिन्यांची मुदत केव्हाच गेली, पण जमीन-पाणी पूर्ववत करून देण्याची मागणी कलम १५ खालीही करता येते.

त्या अहवालाच्या भरवशावर राहू नका. त्यावर स्पष्ट छापलं आहे : नमुना ग्राहकाने आणून दिलेला. कॅन भरून रेल्वेने ठाण्यात आणलेलं पाणी त्याच विहिरीचं होतं, हे कोण सांगणार? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून नमुना घ्यायला लावा, पंचनाम्यासह. पण त्यासाठी अर्ज थांबवू नका, अहवाल मागाहून जोडता येईल. फ्लोराइडवर भर देऊ नका. यवतमाळ-चंद्रपूर भागात ते निसर्गतःही असतं आणि बचावाला तेच हवं असतं. सल्फेट पाहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ४००. खाणीपासून दूर, भूजल जिकडून वाहत येतं त्या बाजूच्या एका विहिरीचा नमुनाही त्याच दिवशी घ्या. तुलनेशिवाय आकडा फारसं सांगत नाही.

सर्वांत मोलाचा पुरावा बहुधा खाण कंपनीकडेच असेल. कोळसा खाणींच्या पर्यावरण मंजुरीत आसपासच्या विहिरींची पातळी वर्षातून चारदा आणि पाण्याची गुणवत्ता मे महिन्यात तपासण्याची अट सहसा असते. अटींच्या पालनाचे अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावे लागतात. तुमची कंपनी सार्वजनिक क्षेत्रातली आहे, तेव्हा २०१३ पासूनच्या नोंदी माहिती अधिकारात आजच मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. पाणी केव्हा वर आलं आणि केव्हा बिघडलं, ही तारीख त्या नोंदींत मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. ती तुमच्या विरोधात जाण्याचा धोकाही आहे.

निकाल कधी लागेल, हे विचारू नका. सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या. त्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये प्रदूषण करणाऱ्यांनीच खर्च भरावा असं ठरवलं, आणि पैसे भरण्याबद्दल त्याच न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला. गावकऱ्यांना असं ताटकळत ठेवणं मला आजही संतापजनक वाटतं.

सातबाऱ्यावर वडिलांचंच नाव असेल तर वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे लगेच द्या, चुलतभावालाही अर्जदार करा. विहीर आटल्याबद्दल त्याने २०१५ मध्ये घेतलेली रक्कम लपवू नका. कलम १५(५) नुसार ती कळवणं बंधनकारक आहे. शिवाय ती आटण्यापोटी मिळाली हे पावतीवर लिहिलेलं असेल, तर दोन हानी वेगळ्या आहेत हे तुम्हाला त्याच पावतीवरून दाखवता येईल. ती आज रात्रीच मागवून घ्या.